हेक्टरचा तास आणि अर्विनचा तास

श्रोतेहो, नमस्कार.

ॲलन बेनेट यांचं 'द हिस्टरी बॉइज' हे नाटक मे २००४ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये आलं. दिग्दर्शक होते निकोलस हाइटनर. गाव शेफील्ड, काळ १९८० च्या दशकातला. चांगल्या गुणांनी पास झालेली आठ मुलं ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या प्रवेश परीक्षेसाठी आणखी एक सत्र शाळेत थांबली आहेत.

हेक्टर सर त्यांच्याकडून कविता, गाणी, जुन्या चित्रपटांचे शेवट पाठ करून घेतात. परीक्षेशी त्यांना देणंघेणं नाही. मुख्याध्यापकांना मात्र निकाल हवा असतो, म्हणून ते अर्विन नावाचा तरुण शिक्षक आणतात. त्याचं तंत्र सोपं आहे: सगळे जे लिहितील त्याच्या उलट बाजूनं उत्तर सुरू करा, म्हणजे कंटाळलेला परीक्षक जागा होईल.

अर्विनला खलनायक केलं की प्रयोग फसतो. लीड्सच्या खाटकाचे चिरंजीव असलेल्या बेनेट यांनी स्वतः ऑक्सफर्डच्या अंतिम परीक्षेसाठी कार्डांवर चमकदार अवतरणं उतरवून ती खिशात बाळगली होती आणि पहिला वर्ग मिळवला होता. अर्विनमध्ये लेखकच बसलाय. हेक्टरलाही संत करू नये. मोटरसायकलवर मागे बसवलेल्या मुलांच्या अंगाशी तो चाळे करतो. नाटक हे लपवत नाही, नटानंही लपवू नये.

सर्वांत हसवणारा प्रसंग फ्रेंचच्या तासाचा. मुलं वेश्यागृहाचं नाटक करतायत, डेकिन नावाच्या मुलानं पँट उतरवलीय, तेवढ्यात मुख्याध्यापक आत येतात. हेक्टर क्षणात जाहीर करतो की हे बेल्जियममधलं, पहिल्या महायुद्धातलं रुग्णालय आहे, आणि डेकिन जखमी सैनिक होऊन विव्हळू लागतो. जवळजवळ सगळे संवाद फ्रेंचमध्ये. प्रेक्षकांना समजावं म्हणून नट सावकाश बोलू लागले की विनोद मरतो. अर्थ त्या उतरवलेल्या पँटमधून कळतोच.

पण मला नाटकाचं काळीज वाटतो तो पहिल्या अंकाचा शेवट. हेक्टरला नुकतंच निवृत्त व्हायला सांगितलंय. समोर एकटा पॉस्नर, त्या आठ मुलांपैकी एक. तो थॉमस हार्डीची 'ड्रमर हॉज' म्हणतो. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात मेलेल्या पोराची ही कविता फक्त अठरा ओळींची. शवपेटीविना पुरलेल्या त्या पोराला कवीनं नाव दिलंय, याकडे हेक्टर लक्ष वेधतो. मग म्हणतो, वाचताना कधी कधी वाटतं, कुणीतरी हात पुढे करून आपला हात धरलाय. बोलता बोलता तो हात पुढे करतो. पॉस्नर तो धरेल असं वाटतं, पण क्षण निघून जातो. इथे घाई अजिबात नको, पार्श्वसंगीत तर नकोच.

एखादी संस्था हे नाटक करणार असेल, तर पात्रनिवडीत एक गोष्ट आधी पाहावी. आठ मुलांपैकी स्क्रिप्सला रंगमंचावर पियानो वाजवता यायला हवा आणि पॉस्नरला गाता यायला हवं. ध्वनिमुद्रित साथ लावली, की हेक्टरच्या वर्गात हे सगळं आत्ता, मुलांच्या हातून घडतंय यावर प्रेक्षकांचा विश्वास बसत नाही.