धावती दोरी आणि तर्जनी

तिळसंक्रांतीच्या दिवशी नागपुरातल्या कोणत्याही गच्चीवर जाऊन पतंग उडवणाऱ्याचा हात जवळून पाहिला, तर त्याच्या तर्जनीवर कापडी चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे दिसतात. ही पट्टी कशासाठी, हे इथल्या मुलांना कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पेच लागतो, ढील दिली जाते, मांजा बोटावरून सरसर धावू लागतो आणि पट्टी नसलेल्या बोटाला त्याचे कारण आपोआप कळते. पण हाच मुलगा मोठा होऊन, हातात रॉड आणि रीळ घेऊन शहराबाहेरच्या एखाद्या धरणाच्या काठावर उभा राहतो, तेव्हा त्याच बोटावर तो ब्रेडेड लाइन, म्हणजे मासेमारीची वेणीदार दोरी, उघडीच घेतो आणि पूर्ण ताकदीने गळ फेकतो. माझ्या उजव्या तर्जनीच्या पेरावर एक आडवी पांढरी रेघ आहे. ती अशाच एका फेकीत उमटलेली आहे आणि ती कशी टाळता आली असती, हे सांगण्यासाठीच ही चित्रफीत केली आहे.

आधी दोरीविषयी सांगायला हवे. आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरला गेलेला तंगूस हा नायलॉनचा एकच अखंड धागा असतो. ब्रेडेड लाइन ही पॉलिएथिलीनच्या अतिशय बारीक तंतूंची, चार किंवा आठ पदरांची घट्ट वेणी असते. हे पॉलिएथिलीन प्लास्टिकच्या साध्या पिशवीच्या कुळातलेच आहे. मात्र त्याचे रेणू कितीतरी लांब असतात आणि धागा ओढताना ते एकाच दिशेने बसवले जातात, म्हणून त्याला एवढी ताकद येते की त्याच्यापासून गोळीरोधक जाकिटेसुद्धा बनवतात. 20 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 9 किलो ताण सोसणाऱ्या ब्रेडेड लाइनचा व्यास साधारण 0.23 मिलिमीटर भरतो, तर तेवढ्याच ताकदीचा तंगूस 0.40 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जाड असतो. बोटावर येणारा भार तोच राहतो, पण तो पेलणारी जागा जवळजवळ निम्मी होते, म्हणजे कातडीवरचा दाब दुपटीच्या घरात जातो. शिवाय तंगूस ताणला की लांबतो आणि झटका काही अंशी स्वतः पचवतो. ब्रेडेड लाइन जवळपास ताणतच नाही, त्यामुळे तो झटका सरळ बोटावर येतो.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. वेणीच्या पदरांमध्ये बारीक खाचा असतात आणि उथळ, गढूळ पाण्यातून दोरी ओढून घेताना त्या खाचांत वाळूचे कण बसतात. नवी दोरी बोटांमधून फिरवली तर रेशमासारखी लागते, पण महिनाभर वापरलेली दोरी ओली असताना हळूच चाचपून पाहावी, कणांची खरखर स्पष्ट जाणवते. मांज्यावर काचेची पूड मुद्दाम लावतात. इथे तळ्यातला गाळ तेच काम करतो. म्हणून घरी आल्यावर रिळावरची दोरी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवणे, हे केवळ दोरीचे आयुष्य वाढवण्यासाठी नाही, ते बोटासाठीही आहे.

आता फेकीकडे येऊ. स्पिनिंग रिळाची बेल, म्हणजे दोरी अडवणारी तारेची कमान, उघडली की दोरी मोकळी होते आणि फेक पूर्ण होईपर्यंत तिला एकटी तर्जनी धरून ठेवते. आमिष वीस ग्रॅमचे असले, तरी रॉड मागून पुढे झेपावताना बोटावर येणारा ताण वीस ग्रॅमच्या अनेक पट असतो. असे असूनही, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट हीच आहे, की बोटावर स्थिर राहिलेली दोरी सहसा कापत नाही. ती वळ उमटवते, फार तर दुखवते. कापते ती सरकणारी दोरी. विळीचे पाते भाजीवर नुसते दाबले तर भाजी चेपते, आणि तीच भाजी पात्यावरून ओढली की चिरली जाते, हे स्वयंपाकघरात रोज दिसते. बोटाचेही तसेच आहे.

मग फेकीच्या ऐन क्षणी दोरी सरकते कशामुळे? बहुतेक वेळा ड्रॅग, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या चकरीचा (स्पूलचा) ब्रेक, सैल असल्यामुळे. मासा लागल्यावर त्याने जोर केला तर स्पूल फिरून दोरी सुटावी, यासाठी ड्रॅग सैल ठेवलेला असतो आणि ते योग्यच आहे. पण फेकीचा झटका हा मोठ्या माशाच्या झटक्यासारखाच असतो. त्या झटक्याने स्पूल किंचित फिरतो, पाच-सहा इंच दोरी बाहेर येते आणि ती पाच-सहा इंच दोरी, पूर्ण भाराखाली, बोटाच्या कातडीवरून ओढली जाते. माझ्या बोटाला झालेली जखम नेमकी अशीच झाली होती. मी रॉड उचलला, फेकले, रिळातून कर्र असा छोटा आवाज आला आणि आमिष पाण्यात पडण्याच्या आधीच हँडलवर रक्ताचा थेंब होता. काठावर बसलेले एक वयस्कर मासेमार एवढेच म्हणाले, "बाबू, पहिले ड्रॅग कस अन् मंग फेक." त्यानंतर आजतागायत जड आमिष फेकण्यापूर्वी मी ड्रॅग पूर्ण आवळतो, दोरी हाताने ओढून स्पूल हलत नाही ना हे पाहतो आणि आमिष पाण्यात पडल्यावर ड्रॅग पुन्हा होता तिथे आणतो. याला दहा सेकंद लागतात. हे परत सैल करणे मात्र विसरू नये, नाहीतर मोठा मासा दोरी तोडून जाईल.

दोरी बोटावर नेमकी कुठे टेकते, यानेही फार फरक पडतो. बोट आकड्यासारखे वाकवून दोरी पेरांच्या मधल्या घडीत अडकवण्याची सवय बहुतेकांना असते, कारण तिथे ती सुटत नाही. पण ती जागा सर्वांत नाजूक आहे. बोटाच्या टोकाच्या आतल्या बाजूला चरबीची गुबगुबीत गादी असते. घडीपाशी ती जवळपास नसतेच आणि बोट वाकवणारा स्नायुबंध कातडीच्या अगदी खालून गेलेला असतो. दोरी टोकाच्या गादीवर टेकवावी, बोट थोडेसेच वाकवावे आणि रॉड पुढे येऊन तिरपा होताच ते सरळ करावे, म्हणजे दोरी घासत न जाता निसटते. पावसाळ्यात तासन्‌तास भिजलेली कातडी मऊ पडून लवकर चिरते आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गारठलेल्या बोटाला चिरल्याचे कळतसुद्धा नाही, हेही नागपूरकरांनी ध्यानात ठेवावे.

जड वजन फेकायचे असेल, तर ब्रेडेड लाइनच्या पुढे जाड तंगुसाचा लीडर, म्हणजे टोकाचा वेगळा तुकडा, जोडण्याची पद्धत आहे. समुद्रकिनाऱ्यावर फेकणारे लोक दर औंसाला, म्हणजे सुमारे 28 ग्रॅमला, 10 पौंड असा हिशेब धरतात. शिशाच्या 100 ग्रॅम वजनाला साधारण 35 पौंडांचा लीडर लागतो. हा लीडर एवढा लांब ठेवायचा, की आमिष लोंबकळत असताना त्याचे पाच-सहा वेढे स्पूलवरच राहतील आणि बोटाखाली ब्रेडेड लाइन न येता जाड, गुळगुळीत तंगूस येईल. जोडाची गाठ स्पूलच्या मागच्या बाजूला बसवावी, कारण सुटताना गाठ बोटावरून गेली तर तीच ओरखडा काढते. आमिष म्हणून रबरी बेडूक लावून शेवाळात मरळ मासा शोधणाऱ्यांना मात्र लांब लीडर नको असतो, आणि त्यांच्यासाठी बोटावरचे आवरण हाच उपाय उरतो.

आवरणांपैकी मला चामड्याचे सर्वांत विश्वासाचे वाटते. पातळ, मऊ चामड्याचा तुकडा बोटाच्या मापाने चपला शिवणाऱ्या कारागिराकडून शिवून घेता येतो. शिवण नखाच्या बाजूला हवी, दोरीच्या बाजूला नको, आणि तो एवढा घट्ट बसावा की फेकताना आमिषाबरोबर उडून जाऊ नये. संक्रांतीची कापडी पट्टीही चालते. फक्त तिचे मोकळे टोक वरच्या बाजूला ठेवावे, भिजून सैल झाली की बदलावी आणि नख पांढरे पडेल इतकी आवळू नये. लोकरी हातमोजे उपयोगाचे नाहीत, दोरी त्यांच्या धाग्यांत अडकते. पातळ रबरी हातमोजा दोरी सहज कापून आत शिरते.

बोटे कापण्याचा दुसरा प्रसंग फेकीनंतर येतो. गळ, म्हणजे इकडची गरी, पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या खोडात अडकते आणि माणूस वैतागून दोरी तळहाताला गुंडाळून ओढतो. असे कधीही करू नये. पिशवीत वीतभर लांबीचा लाकडी दांडका ठेवावा, दोरी त्याच्यावर सहा-सात वेळा गुंडाळावी आणि दोन्ही हातांनी दांडका धरून, पाण्याकडे पाठ न करता सावकाश मागे सरकावे. माझ्याजवळच्या दांडक्यावर दोन वर्षांत पडलेले चर आता पडद्यावर दिसत आहेत. त्यांतला सर्वांत खोल चर नखाची कड आत जाईल एवढा आहे.

एवढे करूनही बोट कापलेच, तर तळ्याच्या पाण्यात बुचकळू नये. सोबतच्या पिण्याच्या पाण्याने ते धुवावे, स्वच्छ कापडाने दहा मिनिटे न सोडता दाबून धरावे आणि घरी गेल्यावर साबणाने पुन्हा धुवावे. बोटाचे टोक वाकत नसेल, बधिर वाटत असेल किंवा जखमेची तोंडे उघडी राहत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण स्नायुबंध किंवा नस तुटलेली असू शकते. मधुमेह असलेल्यांनी लहान चीरही डॉक्टरांना दाखवावी. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले होते ते सांगावे आणि जखम ब्रेडेड लाइनने, तळ्याच्या पाण्यात झाली आहे, हे न विचारताही सांगावे. गाळाच्या पाण्यातले जंतू वेगळे असतात आणि औषध ठरवताना डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.