गेले कसे हे सोडा, परत का येऊ दिलं नाही ते सांगा

विषय ठरलाय ‘नकबा आणि आजचा पॅलेस्टाइन’, नकबा म्हणजे १९४८मध्ये पॅलेस्टिनी अरबांवर आलेली बेघर होण्याची आपत्ती, पण आधी एका वाक्याबद्दल बोलायचंय, जे मला प्रत्येक ठिकाणी ऐकवलं जातं, की १९४८ साली पॅलेस्टाइनमधले अरब लोक स्वतःहून निघून गेले. मला या वाक्याचा मनापासून राग येतो. आकडे तुम्हाला माहितीयेत, सात लाखांहून जास्त माणसं बेघर, चारशेहून जास्त गावं ओस. १४ मेला इस्राएलची घोषणा झाली, दुसऱ्या दिवशी अरब सैन्यं घुसली, पण त्याच्या आधीच अडीच-तीन लाख लोक घराबाहेर पडलेले होते. ९ एप्रिलला दैर यासीन या अरब गावात शंभराहून जास्त गावकरी मारले गेले, त्याची बातमी गावोगाव पोचली, एप्रिलअखेर हायफा शहरातली अरब वस्ती जवळजवळ रिकामी. आणि समजा गेले स्वतःहून, मग? गावात दंगल उसळली की माणूस पोरंबाळं घेऊन पाहुण्यांकडे जातो, म्हणून त्याचं घर दुसऱ्याचं होतं का? युरोपातल्या छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यूंना आसरा हवा होता हे मी शंभर टक्के मानतो. माझा प्रश्न एवढाच की लढाई थांबल्यावर या लोकांना घरी का येऊ दिलं नाही.

यासाठी मी नेहमी इक्रितचं उदाहरण देतो, जरा लांब आहे पण ऐका. गलीलीच्या डोंगरात, लेबनॉनच्या हद्दीला लागून असलेलं गाव, पाचशेच्या आसपास वस्ती, ख्रिश्चन लोक. १९४८च्या ऑक्टोबरअखेर इस्रायली सैन्य आलं, गाव लढलं नाही, शरण गेलं. आठवडाभराने लष्कराने सांगितलं की सीमेवर धोका आहे, पंधरा दिवस रामा गावात जाऊन राहा, मग परत आणतो, आणि लोकांनी विश्वास ठेवला. पंधरा दिवस गेले, महिने गेले, वर्षं गेली, शेवटी ते इस्राएलच्याच सुप्रीम कोर्टात गेले, कारण ते इस्राएलचे नागरिक होते, हे विसरू नका, आणि जुलै १९५१मध्ये कोर्टाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. जिंकले! त्यावर लष्कराने नवे हुकूम काढले आणि डिसेंबरात ऐन नाताळच्या तोंडावर गावातली घरं सुरुंग लावून उडवली. चर्च तेवढं ठेवलं. त्याच भागातल्या कफ्र बिरिमची तीच गत, तिथे १९५३मध्ये विमानातून बॉम्ब टाकले. १९७२ला पंतप्रधान गोल्डा मेयर यांच्या सरकारने पुन्हा एकदा नाही म्हटलं. आज इक्रितच्या लोकांना चर्चमध्ये प्रार्थना करता येते, आपली मेलेली माणसं गावच्या दफनभूमीत पुरता येतात, पण राहता येत नाही. २०१२मध्ये नातवंडांनी चर्चच्या आधाराने तिथे मुक्काम ठोकला, ज्यांनी ते गाव नांदतं कधी पाहिलंच नव्हतं अशी पोरं.

आता सांगा, हे तर लढले नाहीत, पळाले नाहीत, देशाबाहेर गेले नाहीत, कोर्टात जिंकले, तरी घर मिळालं नाही. बाकीच्यांची काय कथा! त्यासाठी १९५०चा गैरहजर मालमत्ता कायदा होता, म्हणजे देशातच दुसऱ्या गावी राहणारा माणूससुद्धा कागदावर गैरहजर, जमीन सरकारजमा. माझ्या मते खरा घाव हा कायदा आहे, युद्ध दुय्यम आहे.

एक गोष्ट आपल्या जवळची, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लोद आणि रामले या शहरांतून जुलै १९४८मध्ये पन्नास हजारांहून जास्त लोकांना हाकललं, उन्हातान्हात चालत, हुकुमावर सही तेव्हाचे लष्करी अधिकारी आणि पुढचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांची, ज्यांना पुढे शांततेचं नोबेल मिळालं. त्याच लोद-रामलेत आज आपले बेने इस्राएल ज्यूही राहतात, अलिबाग-पेणकडून गेलेले, घरात मराठी बोलणारे. सरकारने जिथे वसवलं तिथे ते वसले, त्यांचा काहीच दोष नाही, पण त्या गल्ल्यांमध्ये आधी कोण राहत होतं हे आपण मराठी माणसांनी तरी विचारायला हवं.

चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं उरलीत, म्हणजे ‘आजचा पॅलेस्टाइन’ पळतच सांगावा लागणार. डिसेंबर १९४८चा संयुक्त राष्ट्रांचा १९४ क्रमांकाचा ठराव सांगतो की शांततेने राहू इच्छिणाऱ्यांना परत येऊ द्या, नको असेल त्यांना भरपाई द्या, तो आजही तसाच पडून आहे. १९६७ला आणखी तीनेक लाख लोक विस्थापित झाले. नोंदणी झालेले पॅलेस्टिनी निर्वासित आता ५९ लाखांच्या आसपास. गाझातले दोनतृतीयांश लोक मुळात १९४८चे निर्वासित किंवा त्यांची मुलंनातवंडं, ७ ऑक्टोबर २०२३ला हमासने जे केलं ते भयंकरच होतं, पण त्यानंतरच्या युद्धात तिथले साधारण १९ लाख, म्हणजे दहातले नऊ जण, पुन्हा बेघर झाले, काही तर दहा-दहा वेळा. वेस्ट बँकमध्ये २०२५च्या सुरुवातीला जेनिन, तुलकरम, नूर शम्स या निर्वासितांच्या छावण्या इस्रायली लष्कराने रिकाम्या केल्या, ४० हजार माणसं. यूएनआरडब्ल्यूए या संयुक्त राष्ट्रांच्या ज्या निर्वासित-मदत संस्थेच्या शाळा-दवाखान्यांवर हे लोक जगतात तिच्यावर इस्राएलच्या संसदेने ऑक्टोबर २०२४मध्ये बंदीचे कायदे केले. आणि २०११पासून इस्राएलमध्ये स्वातंत्र्यदिन हा शोकदिन म्हणून पाळणाऱ्या संस्थांचा सरकारी निधी कापता येतो.

लेबनॉनमधल्या पॅलेस्टिनींच्या छावण्यांबद्दल बोलायचं राहिलंच, तिथे त्यांना घर विकत घेता येत नाही, डॉक्टरकी-वकिलीसारखे व्यवसाय बंद आहेत, म्हणजे अरब सरकारंही यात धुतल्या तांदळासारखी नाहीत. ते प्रश्नोत्तरांत घेऊ, विचारा.