हिऱ्यांचा वटाव

(पडद्यावर: वडोदरा, दांडिया बाजार. संध्याकाळ. जुन्या वाड्याच्या ओट्यावर चार मुलं, चार फोन.)

या ओट्यावर माझे आजोबा संध्याकाळी पत्ते खेळायला बसायचे. आता तिथे माझा भाचा बसतो. वय चौदा. खांद्याला खांदा लावून तीन मित्र बसलेले असतात, पण चौघांची खरी भेट होते ती फोनमधल्या एका बेटावर. खेळ सुरू होण्याआधी चौघांचे पुतळे लॉबीत एका रांगेत उभे राहतात. तिघांच्या अंगावर ज्वाळा निघणारी जॅकेटं, पाठीवर पंख. चौथ्याच्या अंगावर फुकट मिळालेला साधा शर्ट. तो चौथा म्हणजे आमचा भाचा.

"ए बॉट, चल," असं त्याला हाक मारतात. बॉट म्हणजे माणूस नसलेला, यंत्राने चालवलेला खेळाडू. त्याचा नेम चौघांत सगळ्यात चांगला आहे. तरीही बॉट.

मी त्याला विचारलं, "अरे, शर्टाने काय फरक पडतो?" तो म्हणाला, "मामा, तुला नाही कळणार." मला कळत होतं. नववीत असताना मीही एका बुटांच्या जोडीसाठी महिनाभर आईच्या मागे लागलो होतो.

(पडद्यावर: रावपुऱ्यातलं रिचार्जचं छोटं दुकान. काउंटरवर पाचशेच्या दोन आणि शंभरच्या दोन नोटा.)

वाढदिवसाला आजीने हजार दिले होते, दोनशे त्याचे स्वतःचे. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "केटलानुं?" बाराशे रुपये गेले आणि हातात एक आकड्यांचा कोड आला. कोड टाकला, खात्यात रक्कम जमा झाली. मग रुपयाचे डायमंड झाले. डायमंड म्हणजे खेळाच्या आत चालणारं चलन.

इथे जरा थांबूया, कारण सगळा धंदा या वळणावर आहे.

त्याला हवा असलेला पोशाख ११५० डायमंडचा. डायमंड मिळतात पॅकमध्ये: ५००चा पॅक ४०० रुपयांना, १०००चा ८०० रुपयांना. ११५०चा पॅकच नाही. म्हणून घ्यावे लागले १५००. पोशाख घेतल्यावर उरले ३५०. त्या ३५०मध्ये त्याच्या आवडीचं काहीच येत नाही. म्हणजे ९२० रुपयांच्या वस्तूसाठी १२०० रुपये गेले आणि २८० रुपये खात्यात अडकून पडले. पुढच्या पोशाखाची किंमत पाहताना ते ३५० त्याच्या डोक्यात असणारच: एवढे आहेतच, थोडेच घालायचे आहेत.

(पडद्यावर: देव्हाऱ्यातलं लाल फडकं. त्यात चांदीचं एक नाणं.)

आमच्या देव्हाऱ्यात एक बाबाशाही रुपया आहे. लक्ष्मीपूजनाला बाहेर निघतो. एका बाजूला सयाजीराव महाराजांचा चेहरा, दुसऱ्या बाजूला 'एक रुपया', संवत आणि आडवी तलवार. बडोदे संस्थानाचं हे स्वतःचं चलन होतं. इंग्रजी राज्यात चालायचा तो कलदार रुपया. बडोद्याच्या माणसाला हद्दीबाहेर व्यवहार करायचा तर बाबाशाही देऊन कलदार घ्यावा लागे, आणि मधला सराफ त्यात वटाव, म्हणजे नाणं बदलून देण्याचा आपला हिस्सा, कापून घेई. भाव रोज खालीवर. व्यापारी वैतागलेले. अखेर १९०१ साली महाराजांनी बाबाशाही बंद करून संस्थानात कलदार आणला. सात वर्षांनी, १९०८मध्ये, याच शहरात बँक ऑफ बडोदा सुरू झाली.

दोन चलनं असली की मधल्या फटीत कोणीतरी कमावतो, ही गोष्ट या शहराला जुनीच माहीत आहे. डायमंड, यूसी, व्ही-बक्स, रोबक्स ही वेगवेगळ्या खेळांतली चलनं म्हणजे आजची बाबाशाही नाणी. फरक एवढाच आणि फार मोठा: बाबाशाही देऊन कलदार परत मिळायचा. डायमंड देऊन रुपया परत मिळत नाही. रस्ता एकाच दिशेने जातो.

(पडद्यावर: एका चित्रकाराच्या संगणकावर उमटणारं जॅकेट.)

आता बनवणाऱ्याची बाजू. असं एक जॅकेट काढायला चित्रकार लागतो, ते हलतं करणारा माणूस लागतो, तपासणारा लागतो. हा खर्च खरा आहे आणि ते काम सोपं नाही. पण तो एकदाच होतो. पहिलं जॅकेट विकलं की दुसरं, दहा हजारावं, दहा लाखावं बनवायला नवीन कापड लागत नाही, दोरा लागत नाही, गोदाम लागत नाही. माल शिल्लक राहिला म्हणून सेल लावावा लागत नाही. विक्रीतला मोठा वाटा जातो तो फोनच्या अ‍ॅप स्टोअरला. तिथला रूढ दर कित्येक वर्षं ३० टक्के राहिला. शिवाय सर्व्हर आणि जाहिरात. बाकी जे उरतं ते कापडाच्या दुकानदाराला स्वप्नातही दिसणार नाही.

२००६ साली एका अमेरिकन कंपनीने आपल्या खेळातल्या घोड्याला घालायचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं, तेव्हा लोकांनी केवढा आरडाओरडा केला होता. पैसे देऊन घेतलेल्या खेळात वर घोड्याच्या कपड्यांचेही पैसे? अकरा वर्षांनी, २०१७मध्ये, फोर्टनाइट या खेळातली लढाई फुकट खुली झाली. त्यात विकायला होते ते मुख्यतः कपडे आणि नाच. त्यांनी ताकद वाढत नाही, नेम सुधारत नाही. तरी २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत त्या खेळाने ९०० कोटी डॉलरपेक्षा जास्त महसूल गोळा केला. हा आकडा कंपनीच्या अ‍ॅपलबरोबरच्या खटल्यात उघड झाला.

बहुतेक मुलं एक पैसाही न देता खेळतात. मग त्यांना फुकट का खेळवतात? याचं उत्तर वडोदऱ्याच्या माणसाला नवरात्रात मिळतं. आरसे जडवलेली चणिया-चोळी किंवा भरतकामाचं केडियुं कोणी घरात घालून बसत नाही. त्याला मैदान लागतं, मैदानात हजारो माणसं लागतात, बघणारे डोळे लागतात. फुकट खेळणारी मुलं म्हणजे ते मैदान. ती नसतील तर ज्वाळांचं जॅकेट दाखवायचं कोणाला? आमचा भाचा साध्या शर्टात उभा होता तेव्हाही तो त्या धंद्यात कामाला होता. त्याच्यामुळेच बाकीच्या तिघांची जॅकेटं उठून दिसत होती.

मला या मुलांच्या हौसेचा राग नाही. चौदाव्या वर्षी आपल्या माणसांत शोभून दिसावं असं वाटणं ही निरोगी गोष्ट आहे. राग येतो तो त्या हौसेवर लावलेल्या सापळ्यांचा.

(पडद्यावर: फोनचा पडदा. 'उरलेला वेळ ०५:४१:१२'. आकडे पळताहेत.)

हा पोशाख आज रात्री बारापर्यंतच, असं खेळ सांगतो. ज्या वस्तूच्या कितीही प्रती निघू शकतात, तिचा तुटवडा घड्याळ लावून तयार केलेला आहे. माझ्या बहिणीने एकदा त्याला थांबवलं, रडारड झाली, बारा वाजले. अकरा दिवसांनी तोच पोशाख नव्या घड्याळासकट परत आला.

बटणांचीही एक गोष्ट आहे. डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापार आयोगाने फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्स कंपनीशी ५२ कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली. २७.५ कोटी मुलांच्या खाजगी माहितीचा कायदा मोडल्याचा दंड म्हणून, २४.५ कोटी ग्राहकांना परतफेड म्हणून. आयोगाचं म्हणणं होतं की बटणांची मांडणीच अशी होती की एका दाबात खरेदी होऊन जाई. कोणी वस्तू नुसती बघायला गेला तरी पैसे कापले जात. २०१८पर्यंत मुलं आईवडिलांच्या संमतीशिवाय, त्यांच्या साठवलेल्या कार्डावर व्ही-बक्स घेऊ शकत होती.

नशिबाच्या पेट्या हा आणखी एक प्रकार: पैसे द्या, चक्र फिरवा, काय निघेल ते निघेल. बेल्जियमने २०१८मध्ये त्यांना जुगारात मोजलं. चीनने २०१७पासून कशाची शक्यता किती ते जाहीर करायला लावलं, आणि २०१९मध्ये वयाप्रमाणे खर्चाला मर्यादा घातली: ८ ते १६ वयाच्या मुलाला महिन्याला २०० युआन, त्यापुढे १८पर्यंत ४००. मला स्वतःला सर्वांत पटलं ते युरोपातल्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी मार्च २०२५मध्ये मांडलेलं तत्त्व. घोड्यांच्या एका स्वीडिश खेळावरच्या कारवाईच्या निमित्ताने त्यांनी सांगितलं की खेळातल्या वस्तूची किंमत खऱ्या चलनातही स्पष्ट दाखवा, आणि नको असलेलं चलन पॅकच्या नावाखाली गळ्यात मारू नका. म्हणजे ११५० डायमंडच्या शेजारी '९२० रुपये' लिहा. एवढंच.

(पडद्यावर: कारेलीबाग. एक मुलगी टॅबवर बांधणीचे ठिपके काढते आहे.)

या बाजारात विकणारी मुलंही आहेत. कारेलीबागेतली ही सोळा वर्षांची मुलगी रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळांच्या जगासाठी शर्ट बनवते. तिथलं चलन रोबक्स. आईच्या बांधणीच्या ओढणीवरचे ठिपके तिने तिथे नेले आहेत. रंगांची तिची समज बघून मी थक्क झालो.

तिचं गणित मांडूया. फोनवरून घेणाऱ्याला सुमारे १० डॉलरना ८०० रोबक्स मिळतात, म्हणजे १० रोबक्सचा शर्ट त्याला साधारण साडेबारा सेंटला पडला. त्यातले ७ रोबक्स बनवणाऱ्याचे. पण ते डॉलरमध्ये बदलायचे तर दर वेगळा: कित्येक वर्षं एक लाख रोबक्सना ३५० डॉलर, २०२५च्या सप्टेंबरपासून ३८०. हिशेब केला तर ७ रोबक्सचे पावणेतीन सेंटही होत नाहीत. घेणाऱ्याच्या खिशातून निघालेल्या पैशाचा जेमतेम पाचवा हिस्सा विकणाऱ्यापर्यंत पोचतो. शिवाय किमान ३०,००० कमावलेले रोबक्स असल्याशिवाय बदलून मिळत नाहीत. आमच्या जुन्या सराफाने एवढा वटाव मागितला असता तर मांडवीत दंगा झाला असता.

तरी ही रोब्लॉक्स कंपनी नफ्यात असेल असं समजू नका. २०२३मध्ये तिचा महसूल २८० कोटी डॉलरच्या घरात, आणि तोटा ११५ कोटींच्या आसपास. खेळ आणि कपडे बनवणाऱ्यांना ७४ कोटी, स्टोअरचा वाटा, सर्व्हर, मुलांच्या सुरक्षेची देखरेख, मोठे पगार. एकेका शर्टावर नफा प्रचंड आणि सगळं शहर चालवायला खर्च त्याहून प्रचंड. म्हणून तर प्रत्येक मुलाकडून आणखी थोडं काढण्याची घाई असते.

(पडद्यावर: अंधारलेला फोन.)

आणि घेतलेली वस्तू कोणाची? अटींच्या लांबलचक पानांत लिहिलेलं असतं की ही वापरायची परवानगी आहे, मालकी नाही. क्लब पेंग्विन नावाचं मुलांचं एक जग होतं. पैसे भरून सभासद झालेल्या मुलांनी तिथे बर्फाची घरं सजवली होती. मार्च २०१७मध्ये ते बंद झालं, सोफे-दिव्यांसकट. आपल्याकडे २ सप्टेंबर २०२०ला पबजी मोबाइलवर बंदी आली, फेब्रुवारी २०२२मध्ये फ्री फायरवर. सरकारची कारणं वेगळी होती, सुरक्षेची. पण त्या दिवशी दांडिया बाजारातल्या मुलांना पहिल्यांदा कळलं की आपलं कपाट दुसऱ्याच्या घरात आहे. चणिया-चोळी निदान धाकट्या बहिणीला होते.

आपला कायदा काय म्हणतो? १८७२च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, मुलगा करारच करू शकत नाही, आणि १९०३मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, मोहरी बीबीच्या खटल्यात असा करार मुळातच रद्द ठरवला. २०२५चा ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आला तो पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर. जॅकेटं त्याच्या तडाख्यात नाहीत. आणि रावपुऱ्याच्या काउंटरवर रोख बाराशे ठेवणाऱ्या मुलाला वय कोण विचारतं?

(पडद्यावर: स्वयंपाकघर. ओट्यावर कालनिर्णयचं फाडलेलं पान, मागची कोरी बाजू.)

ताईने फोन काढून घेतला नाही. तिने गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि त्याच्या मागे त्याला तीन रकाने आखायला लावले: डायमंड, रुपये, परत किती. वर्षभराचं सगळं लिहायला लागलं तेव्हा त्याचा हात हळू झाला. बेरीज त्याने दोनदा केली. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, "आई, यात सायकलचे गिअर आले असते." ताई काहीच बोलली नाही, कणीक मळत राहिली.

तिसऱ्या रकान्यात सगळीकडे शून्य होतं. ते बघून त्यानेच विचारलं, "मामा, देव्हाऱ्यातल्या रुपयाचे आज किती येतील?"

(पडद्यावर: घडियाळी पोळ. सराफाचा काटा.)

सराफकाकांनी नाणं फडक्याने पुसलं, काट्यावर ठेवलं. अकरा ग्रॅमच्या थोडं वर. चष्मा कपाळावर सरकवून तलवार नीट बघितली आणि म्हणाले, "चांदीच्या भावाने इतके देतो. पण घरचा आहे, विकू नकोस." भाच्याने खिशातून तेच पान काढलं. त्याच्या ३५० डायमंडच्या ओळीखाली 'बाबाशाही' असं लिहिलं, आणि सराफकाकांनी सांगितलेला आकडा तिसऱ्या रकान्यात भरला. नाणं त्याने स्वतःच लाल फडक्यात बांधून घेतलं.