संगमावरचा वकील

नमस्कार श्रोतेहो.

आज कुणी वकील म्हटलं की आपल्याला काळा कोट आठवतो. पेशवाईत मात्र वकील म्हणजे परक्या दरबारात आपल्या धन्याची बाजू मांडणारा माणूस. वकिलात हा शब्द त्या अर्थानं आजही टिकून आहे. आज मी अशाच एका वकिलाबद्दल बोलणार आहे: चार्ल्स वॉर मॅलेट, पुणे दरबारातला ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला रेसिडेंट.

१७५२ साली जन्मलेला हा इंग्रज कोवळ्या वयातच कंपनीच्या नोकरीत आला. पुण्याआधी बरीच वर्षं तो गुजरातेतल्या खंबायतला होता. १७८५ मध्ये त्याला पुण्याला नेमायचं ठरलं, पण वाट सरळ नव्हती. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध संपवणाऱ्या सालबाईच्या तहापासून इंग्रजांशी बोलणी महादजी शिंद्यांमार्फत चालत, आणि पुण्यात वेगळा इंग्रज वकील बसला की महादजींचं महत्त्व घटणार. म्हणून मॅलेट आधी थेट उत्तरेत त्यांच्याकडे गेला, त्यांची संमती मिळवली, आणि १७८६ साली पुण्यात पोचला. मुळा आणि मुठा जिथं मिळतात त्या संगमावर त्याची वस्ती झाली.

समोर होते नाना फडणवीस. कंपनीचा माणूस दारात आणून बसवण्यातला धोका नानांना कळत नव्हता असं मला मुळीच वाटत नाही. पण टिपूचा धाक दोघांनाही होता. १७९० साली पेशवे, निजाम आणि कंपनी यांचा टिपूविरुद्ध तह झाला. शनिवारवाड्याच्या दरबारात मॅलेटनं तहाचे कागद सोळा वर्षांच्या सवाई माधवरावांना सादर केले. या कामगिरीबद्दल पुढच्याच वर्षी त्याला विलायतेत 'सर' ही पदवी मिळाली.

तहाचा मॅलेट इतिहासाच्या पुस्तकांत भेटतो. मला जास्त ओढ आहे ती चित्रं जमवणाऱ्या मॅलेटची. गंगाराम तांबट नावाचा पुण्याचा चित्रकार त्याच्यासाठी काम करायचा. पेशव्यांच्या शिकारखान्यातला, म्हणजे प्राणिसंग्रहातला, गेंडा त्यानं काढला, वेरूळची लेणी काढली. आडनाव सांगतं की घराणं तांब्या-पितळेचं काम करणाऱ्यांचं. रेषेवरची त्याची पकड पाहिली की हातात हातोडीऐवजी लेखणी आलेला कारागीर डोळ्यांसमोर उभा राहतो. अजिंठा-वेरूळच्या अनाम चित्रकारांपुढे आपण हात जोडतो, आणि या नाव माहीत असलेल्या पुणेकराची मात्र आठवणही ठेवत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला. नानांचं जे चित्र आपण पाठ्यपुस्तकांत पाहतो, त्याचं मूळ त्याच्याच कुंचल्यात. मॅलेटच्या पुढाकारानं शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळाही सुरू झाली. पण १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव वाड्याच्या सज्जातून पडून वारले, आणि लगेच नोव्हेंबरात वेल्सही गेला. मुंबईजवळच्या साष्टीतल्या लेण्यांची चित्रं काढताना त्याला तापानं गाठलं होतं. त्यानंतर शाळा टिकली नाही.

१७९७ मध्ये मॅलेटनं पुणं सोडलं आणि तो मायदेशी परतला. तिथं वेल्सच्या मुलीशी, सुझानाशी त्यानं लग्न केलं. १८१५ साली तो वारला. दोनच वर्षांनी खडकीच्या लढाईच्या दिवशी संगमावरचा तो बंगला जळाला. १८२८ साली शनिवारवाड्यालाही आग लागली आणि आतला दिवाणखाना गेला.

त्या दिवाणखान्यातल्या तहाच्या दरबाराचं एक मोठं तैलचित्र मॅलेटनं थॉमस डॅनियलकडून करवून घेतलं होतं. डॅनियलनं तो दरबार कधीच पाहिला नव्हता. वेल्सनं मागे ठेवलेल्या रेखाटनांवरून त्यानं ते रंगवलं. आज ते लंडनच्या टेट संग्रहात आहे. श्रोतेहो, शनिवारवाड्यात गेलात की आपण मोकळ्या जोत्यांवरून चालतो. ते जोतं ज्या छताखाली होतं ते छत, ते कोरीव खांब, गादीवर बसलेले कोवळे पेशवे आणि शेजारी नाना, हे सगळं त्या चित्रात आहे.

नमस्कार.