विम्बल्डनचं माळरान, बिस्लीचा वारा

2 जुलै 1860. लंडनजवळच्या विम्बल्डनच्या माळावर व्हिटवर्थ रायफल लोखंडी चौकटीत घट्ट आवळलेली. लक्ष्य 400 यार्डांवर. राणी व्हिक्टोरियानं चापाची रेशमी दोरी ओढली आणि गोळी केंद्रापासून सव्वा इंचावर बसली. नेम रायफल बनवणाऱ्या जोसेफ व्हिटवर्थचा, मान राणीचा!

हा बार ज्या स्पर्धेचा, ती भरवणारी ब्रिटनची नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली 1859 मध्ये. फ्रान्स चाल करून येईल या धास्तीनं उभ्या राहिलेल्या स्वयंसेवकांना लांब पल्ल्याचा नेम शिकवायचा होता. पुढे रायफलींचा पल्ला वाढत गेला आणि भोवतीची वस्तीही. चुकार गोळी कुठे पडेल याची हमी उरली नाही. 1890 मध्ये संस्थेनं बाडबिस्तरा हलवला तो सरे परगण्यातल्या बिस्लीला.

लक्ष्यांखाली असतो खंदक. गोळी लागली की खंदकातला माणूस चौकट खाली ओढतो, भोकात चकती खोचतो, आधीचं भोक बुजवतो आणि चौकट परत वर चढवतो. पालथ्या झोपलेल्या नेमबाजाच्या 7.62 मिमी रायफलवर दुर्बीण नसते. नेम धरायच्या मागच्या साइटला छिद्र, पुढे कडी, बस्स. शेजाऱ्याच्या लक्ष्यावर कितीही सुरेख गोळी मारा, गुण शून्य. रांगेत शंभराच्या आसपास लक्ष्यं असली की हे भल्याभल्यांचं होतं.

खरी परीक्षा 1000 यार्डांवर. पाच गुणांचं वर्तुळ तिथे 24 इंचांचं. ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा गोळी दोन मीटरहून जास्त ढकलतो. तो निम्म्यावर आला आणि साइट तशीच राहिली, तर पाचाचं सोडाच, चाराचं वर्तुळही हुकतं. नुसत्या झेंड्यांवर विसंबणारा फसतो, कारण जड कापड उशिरा हलतं. म्हणून जमिनीवरची मोठी दुर्बीण लक्ष्याच्या जरा अलीकडे जुळवतात आणि मृगजळ, म्हणजे तापलेल्या हवेची थरथर, कुठल्या दिशेला वाहतंय ते बघतात.

याच संस्थेच्या मैदानावर 1871 पासून कोल्हापूरच्या राजांच्या नावाचा चषक खेळला जातो. आठ जणांचा संघ. 300, 500 आणि 600 यार्डांवर प्रत्येकी 10 गोळ्या. पैकीच्या पैकी म्हणजे 1200. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 मध्ये इंग्लंडला गेले होते. परतताना फ्लॉरेन्समध्ये ते वारले.

2002 च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेतली नेमबाजीही बिस्लीलाच झाली. अंजली भागवत यांची 10 आणि 50 मीटर रायफलमधली चार सुवर्णपदकं इथलीच.