तेल दिसतं खाली, गळतं वर

मंडळी, विषय जाहीर झालाय 'जुन्या गाडीची ऑइलगळती : शोध आणि दुरुस्ती'. गाडी घेऊ मारुती ८००, कार्बोरेटरवाली. इथल्या निम्म्या लोकांनी ड्रायव्हिंग शिकताना तिच्याच क्लचचे हाल केले असतील!

सकाळी फरशीवर डाग दिसतो. वाकून बघावं तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याला थेंब लोंबतोय. लगेच निकाल लागतो : क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं, मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवा. माझं भांडण या 'लगेच'शी आहे. त्या सांध्याच्या वरच, हेडच्या म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या टोकाला, प्लगांना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर बसतो. त्याची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, कडक झाली की ऑइल हेडवरून ओघळत बेलहाउसिंगवर, क्लचच्या घरावर, येतं आणि तळाला नेमकं त्याच सांध्यात साठतं. गिअरबॉक्स उतरतो, नवं सील पडतं, जोडीला क्लचप्लेटही खपते आणि आठवड्याने डाग तिथेच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

हेड कव्हरच्या पॅकिंगचंही तेच. जुनं पॅकिंग काढून वाकवून बघा, पापडासारखं तुटतं. ते बदलायचं सोडून बोल्ट आवळत बसतात. कव्हर पत्र्याचं, त्याला ४-५ न्यूटन-मीटर पुरे. जास्त आवळलं की पत्रा बोल्टपाशी दबतो आणि मधे फट पडते. मग त्या फटीत सिलिकॉन! बाहेर आलेलं दिसतं, पुसता येतं. आत गेलेलं सुटून चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातल्या, जाळीवर बसतं आणि ऑइलचा लाल दिवा लागतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर भराभर.

इंजिन गार असताना धुवा. डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटर, अल्टरनेटर प्लॅस्टिकने झाकून. वाळल्यावर संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर, बेल्टवर नको. १०-१५ किलोमीटर फिरवा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. पावडर सगळ्यात वर जिथे काळी झाली, तिथे गळती. बोटाला उग्र, गंधकासारखा वास आला तर ते गिअर ऑइल. तो वेगळा तपास.

ओ-रिंग बदलताना डिस्ट्रिब्युटर आणि हेडवर आधी खूण करा, नाहीतर ठिणगीचं टायमिंग सरकतं. ऑइल प्रेशर स्विचच्या वायरचं टोक ओलं असेल तर स्विच आतून गळतोय, सरळ बदला. ऑइल काढायच्या ड्रेन प्लगला दर वेळी नवा वॉशर. कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) किंवा क्रँकचं पुढचं सील गळत असेल तर टायमिंग बेल्टही नवाच. ऑइल प्यायलेला बेल्ट पुसून चढवू नका.

आणि हे सगळं करण्याआधी, खरं तर पहिल्यांदा सांगायला हवं होतं, ब्रीदरची, म्हणजे इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारी, नळी काढून फुंकून बघा. ती तुंबली की आतल्या दाबाने नवी सिलंही ओली होतात. नळी मोकळी असूनही ऑइलच्या झाकणातून भकाभक धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, मग सिलांवर खर्च करू नका.

प्रश्न चहाच्या वेळी. गाडी आणली असेल त्यांनी बॉनेट उघडून ठेवा, गार होऊ दे.