टाक्याचा कागद, थेंबांचा हिशेब

(दृश्य : कोयना खोऱ्यातला रस्ता, पाऊस, ॲम्ब्युलन्स)

कोयनानगर ते कराड साधारण ५५ किलोमीटर. गर्भपिशवी फाटल्यावर पोटातल्या बाळाच्या हातात असतात जेमतेम २० मिनिटं. म्हणून आधी सीझर झालेल्या बाईने हा प्रवास कळा सुरू होण्याआधीच करायचा असतो. ३८ व्या आठवड्यालाच ती ऑपरेशन आणि रक्ताची सोय असलेल्या गावात मुक्कामाला असली पाहिजे.

पिशवीच्या खालच्या भागावर एकच आडवा टाका असेल, तर कळांमध्ये ती फाटण्याचं प्रमाण साधारण २०० मध्ये एक. टाका वरच्या भागात उभा असेल, तर धोका कितीतरी पट. तिथे कळांची वाट बघायचीच नसते. पोटावरचा व्रण बघून हे कळत नाही. वरून आडवा दिसतो आणि आत उभा निघतो, असंही होतं. आधीच्या सीझरचं डिस्चार्ज कार्ड लागतं ते यासाठी. ऊसतोडीला सांगली-साताऱ्याच्या फडावर आलेल्या बाईचं कार्ड गावाकडे पेटीत राहिलं असेल, तर घरच्यांकडून मोबाइलवर फोटो मागवा.

(दृश्य : सलाईनचा सेट, पडणारे थेंब)

कळांचं सलाईन म्हणजे ५०० मिलीमध्ये ऑक्सिटोसिन या कळा आणणाऱ्या औषधाचे ५ युनिट. १ मिलीला २० थेंब पडणाऱ्या सेटवर मिनिटाला ४ थेंब, म्हणजे २ मिलीयुनिट. सुरुवात इथून. वाढ अर्ध्या तासाने, तीही कळा मोजून. १० मिनिटांत पाचाहून जास्त कळा आल्या, तर सलाईन बंद. बाईला कुशीवर वळवताना सलाईनच्या नळीवरचं चाक सरकतं, ४ चे ४० थेंब होतात, आणि कागदावर मात्र ४ च राहतात. सलाईन निदान बंद तरी करता येतं. बाळ बाहेर येण्याआधी दंडात टोचलेलं कळांचं इंजेक्शन परत काढता येत नाही. चौथं-पाचवं बाळंतपण, आडवं बाळ, त्यात असं इंजेक्शन, आणि वरून पोटावर दाब : एकही टाका नसलेली पिशवीसुद्धा याने फाटते.

मिसोप्रोस्टॉल ही कळा आणणारी गोळी तर टाका असलेल्या पिशवीत दिवस भरल्यावर कळांसाठी वापरतच नाहीत. टाका नसेल तिथेही डोस २५ मायक्रोग्रॅम. २०० ची गोळी ब्लेडने आठ ठिकाणी कापली, की कुठल्या तुकड्यात किती औषध गेलं हे कापणाऱ्यालाही सांगता येत नाही.

(दृश्य : लेबर रूम, ठोक्यांचं मशीन)

पिशवी फाटल्याची पहिली खूण बहुतेक वेळा बाळाच्या ठोक्यांत असते. ११० ते १६० मधले ठोके कळेनंतर खाली येतात आणि वर चढत नाहीत. कळ नसतानाही टाक्याजागी दुखणं, नाडी वाढणं, लघवीत रक्त, खाली आलेलं डोकं पुन्हा वर सरकणं, या पुढच्या खुणा. सगळ्यांत फसवी खूण म्हणजे जोरात येणाऱ्या कळा एकाएकी थांबणं. नातेवाइकांना वाटतं, बाईला आराम पडला.

मग सलाईन बंद, दोन जाड सुया, रक्ताच्या ४ पिशव्यांची मागणी, भूलतज्ज्ञांना फोन, हे एकाच वेळी. फाट सरळ असेल तर शिवतात, रक्त थांबत नसेल तर गर्भपिशवी काढावी लागते. मूत्राशयही तपासायचं असतं.

बाळ गेलं, तर रजिस्टरमध्ये ‘श्वास गुदमरून’ एवढंच लिहिलं जातं. त्यातून काहीच शिकता येत नाही. मृत्यूच्या आढाव्यात चार वेळांची नोंद हवी : ठोके कधी उतरले, डॉक्टरांना कधी बोलावलं, चीर कधी दिली, बाळ कधी निघालं.